चिखलाची भरपाई

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, मेडवे नदी थेम्सच्या मुखाशी समुद्राला मिळते तिथे, शिअरनेस नावाचे बंदर आहे. जहाजांतून आलेल्या मोटारी उतरवून ठेवायला तिथे ऐसपैस तळ आहे. त्या तळाखाली २२ हेक्टर चिखल गाडलेला आहे. त्याचे नाव लॅपेल बँक. भरतीला बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी ही चिखलपट्टी प्रत्यक्षात उरलेली नाही. युरोपातल्या पर्यावरण कायद्याच्या पुस्तकांत मात्र ती पक्की राहिली आहे.

युरोपीय समुदायाने १९७९ मध्ये रानपक्ष्यांच्या रक्षणासाठी एक निर्देश काढला. प्रत्येक देशाने पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागा निवडायच्या आणि त्यांना खास संरक्षण द्यायचे, असे त्यात होते. ब्रिटनने १५ डिसेंबर १९९३ रोजी मेडवेच्या खाडीला हे संरक्षण द्यायचे ठरवले आणि त्याच निर्णयात लॅपेल बँकेचा तुकडा बाहेर काढला. एकूण क्षेत्र ४,६८१ हेक्टर. वगळलेला तुकडा त्याच्या अर्धा टक्कासुद्धा नव्हता. बंदराला वाढायला दुसरी जागा नाही आणि प्रश्न रोजगाराचा आहे, असे सरकारचे म्हणणे. रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्‌स ही पक्षिरक्षणाची जुनी संस्था न्यायालयात गेली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत चढले आणि तिथून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे गेले. निकाल लागेपर्यंत भराव थांबवा, अशी विनंती संस्थेने केली होती. पण खटला हरल्यास बंदराचे नुकसान भरून देऊ, अशी हमी द्यायला ती तयार नव्हती. म्हणून विनंती फेटाळली गेली. ११ जुलै १९९६ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले, की संरक्षित जागेची हद्द आखताना आर्थिक नफा-तोटा विचारात घेता येत नाही. संस्था जिंकली. तोवर भराव टाकून झाला होता.

उत्तरेला सफोक परगण्यात, ऑरवेल नदीच्या मुखाशी, फॅगबरी फ्लॅट्स नावाची आणखी ३२ हेक्टर चिखलपट्टी फेलिक्स्टोच्या कंटेनर बंदराखाली अशीच गेली होती. दोन्ही मिळून ५४ हेक्टर. ही जागा आता परत मिळणे अशक्य. तेव्हा तिच्या बदल्यात दुसरीकडे तशीच जागा घडवणे सरकारला भाग पडले. १९९२ च्या अधिवास निर्देशात याची तरतूद होतीच. दुसरा पर्याय खरोखरच नाही, सार्वजनिक हिताची निकड तेवढी मोठी आहे, एवढे सिद्ध झाले तरच संरक्षित जागेवर घाला घालता येतो, आणि तसा घातला तर भरपाई म्हणून नवा अधिवास उभा करावा लागतो. पैशाची भरपाई इथे चालत नाही. चिखलाच्या बदल्यात चिखल द्यायचा. हे ऐकायला सोपे वाटते, कारण चिखल ही जगातली सर्वांत स्वस्त वस्तू, अशी आपली समजूत असते.

खाडीतला चिखल लांबून ओसाड दिसतो. ओहोटीच्या वेळी जवळ जाऊन पाहिले तर त्याच्यावर सोनेरी-तपकिरी साय धरल्यासारखी झाक दिसते. ही झाक म्हणजे डायटम नावाच्या एकपेशीय शैवालांची दाटी. पाणी ओसरून ऊन पडले की हे जीव चिखलातून वर सरकतात, प्रकाशात अन्न तयार करतात आणि भरती परत यायच्या बेताला पुन्हा खाली उतरतात. चालताना ते चिकट द्रव सोडतात. त्या द्रवाने चिखलाचे कण एकमेकांना धरून राहतात आणि लाटेने सहजी उकरले जात नाहीत. म्हणजे चिखल जागच्या जागी टिकतो तो काही अंशी या जिवांमुळे. त्यांना खाणारे प्राणी खाली बिळांत असतात: शंखातल्या बारीक गोगलगायी, किडे, आणि कोरोफियम नावाचा सेंटिमीटरभर लांबीचा कोळंबीसारखा जीव. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या बिळात तो राहतो आणि एका चौरस मीटरमध्ये हजारोंनी सापडतो. लाल पायांचा टिलवा, ज्याला इंग्लंडात रेडशँक म्हणतात, हिवाळ्यात मुख्यतः याच्यावर जगतो. असा एक टिलवा दिवसाला ४०,००० च्या घरात कोरोफियम टिपतो, असा अंदाज जुन्या अभ्यासांत मांडला गेला आहे. हाच टिलवा हिवाळ्यात ठाणे खाडीत, शिवडीला आणि कोकणातल्या बहुतेक खाड्यांत येतो, म्हणून त्याची ओळख मराठी वाचकाला करून देण्यात विशेष नाही. विशेष आहे ते त्याचे घड्याळ. भरती आली की त्याचे ताट झाकले जाते. थंडीतल्या लहान दिवसांत ओहोटीच्या मोजक्या तासांत पोट भरले नाही तर रात्री चाचपडत खावे लागते. तेव्हा चिखलपट्टी किती वेळ उघडी राहते, यावर त्याचे जगणे ठरते.

हा उघडेपणाचा वेळ ठरतो उंचीवर, आणि सगळा पेच इथे आहे. भांगाच्या भरतीचे पाणी जिथवर चढते, साधारण तिथे उत्तर युरोपात उघडा चिखल संपतो आणि वनस्पती सुरू होतात. तिथून उधाणाच्या भरतीच्या रेषेपर्यंतचा पट्टा खारट दलदलीचा. आपल्याकडच्या खाजणासारखा, पण तिवरांऐवजी बुटक्या, रसाळ पानांच्या झुडपांचा आणि ताठ गवताचा. या दोन रेषांमधले अंतर कित्येक ठिकाणी माणसाच्या कमरेएवढेही नसते. हातभर उंची चुकली तर चिखलाऐवजी दलदल होते, किंवा दलदलीऐवजी नुसते पाण्याचे डबके. भरपाईचा करार हेक्टरांत लिहिला जातो. खाडी मात्र सेंटिमीटर मोजते आणि त्याहून अधिक वर्षे मोजते.

लॅपेल बँक आणि फॅगबरीच्या बदल्यात ब्रिटिश सरकारने निवडली ती जागा एसेक्समधल्या वॉलसी बेटाच्या उत्तर किनाऱ्याची. क्राऊच आणि रोच या दोन नद्यांच्या मध्ये हे बेट आहे. त्याला शतकानुशतके समुद्रबांध घातलेला आणि आत शेती. आधी आतल्या बाजूला नवा बांध उभारला गेला आणि ४ जुलै २००६ रोजी बाहेरचा जुना बांध यंत्रांनी जागोजागी फोडण्यात आला. पाणी आत शिरले. सुमारे ११५ हेक्टर शेत पुन्हा समुद्राच्या स्वाधीन झाले. गमावलेल्या ५४ हेक्टरांच्या दुपटीहून जास्त. ही दुप्पट उदारपणाची नव्हती. नव्या जागेला जुन्याची सर येणार नाही, हे गृहीत धरून असे प्रमाण ठेवले जाते.

बांध फोडण्याआधी एक अडचण सोडवावी लागली होती. बांधाआडच्या जमिनीला भरतीबरोबर येणारा गाळ मिळत नाही. ती सुकते, आकसते, खचते. बाहेरची दलदल मात्र दर उधाणाला गाळाचा पातळ थर घेत समुद्राबरोबर वर चढत राहते. शंभर-दोनशे वर्षांत आत आणि बाहेर पातळीचा मोठा फरक पडतो. वॉलसीला काही ठिकाणी तो दोन मीटरच्या आसपास होता. कोकणातली खारशेतीही उधाणाच्या पातळीखालीच असते. बांधाला खांड पडली की पाणी किती वेगाने आत येते हे पेण-अलिबागच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. अशा खोलगट जमिनीवर नुसता बांध फोडला तर ती बुडून राहते. शिवाय दर भरतीला एवढे जास्तीचे पाणी आत-बाहेर करू लागले की शेजारच्या नदीचे पात्र खरवडले जाते. म्हणून २००६ मध्ये नव्या बांधाच्या पायथ्याशी हॅरिच बंदरातून उपसलेला गाळ पसरून उतार तयार केला गेला. बंदराने खाल्लेल्या चिखलाची भरपाई करायला दुसऱ्या बंदराचा चिखल आला, ही गोष्ट हिशेबाला धरून होती असे म्हणायला हरकत नाही.

पुढच्या टप्प्यासाठी त्याहून फार जास्त माती लागणार होती, आणि ती आली लंडनच्या पोटातून. हा टप्पा कुठल्या बंदराच्या भरपाईचा नव्हता. तो त्याच पक्षिरक्षक संस्थेने हाती घेतलेला किनारा पूर्ववत करण्याचा प्रकल्प होता. पण माणसाने खाडी बनवायची म्हटले तर काय लागते, याचे इतके भव्य उदाहरण दुसरे नाही. लंडनखाली क्रॉसरेल या नव्या रेल्वेसाठी ४२ किलोमीटर बोगदे खणले जात होते. फिलिस, एडा, एलिझाबेथ, व्हिक्टोरिया अशी बायकांची नावे ठेवलेली अजस्र यंत्रे जमीन पोखरत होती आणि मागे मातीचे डोंगर साठत होते. यांपैकी तीस लाख टनांहून जास्त माती जहाजांतून वॉलसीला नेण्यात आली. त्यासाठी बेटावर खास धक्का बांधला गेला. जमीन सरासरी दीड मीटर उचलली गेली, तिच्यावर वळणावळणांच्या खाड्या कोरल्या गेल्या, आणि जुलै २०१५ मध्ये बांध फोडून जुबिली मार्श नावाची नवी दलदल भरतीला मोकळी केली गेली. ज्या रेल्वेसाठी ही माती निघाली तिची पहिली प्रवासी गाडी धावली २४ मे २०२२ ला. टिलव्यांची सोय प्रवाशांच्या सात वर्षे आधी झाली. मात्र क्रॉसरेलची माती संपल्यावर बेटाच्या उरलेल्या भागाचा आराखडा बदलावा लागला. पुरेशी माती नाही तर उघडी भरती नाही, इतके ते गणित सरळ आहे.

बांध फुटल्यावर काय होते, हे इंग्रज शास्त्रज्ञांनी तोवर बरेच पाहून ठेवले होते. एसेक्समध्येच नॉर्थी बेटावर १९९१ मध्ये जेमतेम दोन एकर जागेवर पहिला प्रयोग झाला. ऑगस्ट १९९५ मध्ये टोल्सबरीला २१ हेक्टरांवर दुसरा. पहिल्या वर्षी शेतातली झुडपे, कुंपणे मरून काळी पडतात. मग गाळ बसू लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सॅलिकोर्निया उगवते. सांध्यासांध्यांच्या, फुगीर हिरव्या काड्यांची ही वनस्पती, जी शरद ऋतूत लाल होते. ती कोणाला लावावी लागत नाही. बी भरतीबरोबर येते. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात पाचेक वर्षांत सगळे हिरवे दिसते आणि प्रकल्प यशस्वी झाल्याची पत्रके निघतात.

शेताने मात्र आपली नांगरट सोडलेली नसते. टोल्सबरीसारख्या जागांवर मातीचे नळकांडे काढून पाहिले तर नव्या गाळाच्या थराखाली जुन्या शेताचा दबून घट्ट झालेला थर तसाच असतो. त्याच्यातली छिद्रे एकमेकांना जोडलेली नसतात, पाणी खाली मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. नैसर्गिक दलदलीत ओहोटीला पाणी मातीतून झिरपून खाड्यांत उतरते. इथे ते वर साचून राहते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ब्रिटनमधल्या अशा मुद्दाम फोडलेल्या जागांची शेजारच्या नैसर्गिक दलदलींशी तुलना केली गेली. नव्या जागांवर जाती बहुतेक सगळ्या आल्या होत्या, पण प्रमाण बिघडलेले होते. सुरुवातीला शिरकाव करणाऱ्या वनस्पती फार, संथपणे पसरणाऱ्या बहुवर्षायू वनस्पती थोड्या, उघडी माती बरीच. कायदा ज्याला तुल्य अधिवास म्हणतो तसे ते नव्हते. एसेक्समध्ये काही जागा अशाही आहेत जिथे २९ नोव्हेंबर १८९७ च्या वादळी पुरात बांध आपोआप फुटले आणि पुन्हा बांधलेच गेले नाहीत. त्यांना आता सव्वाशे वर्षे होऊन गेली. जुन्या बांधाचे आणि चरांचे अवशेष अजून ओळखू येतात.

हंबर नदीच्या मुखाशी उलटा पेच पडला. पॉल होम स्ट्रेझ येथे २००३ मध्ये सुमारे ८० हेक्टर जागा भरतीला मोकळी केली. तिचा बराचसा भाग उघडी चिखलपट्टी म्हणून राहावा अशी अपेक्षा होती, कारण बंदरांनी आणि बांधांनी नदीचा जो अधिवास घेतला त्यात चिखलच जास्त होता. पण हंबरचे पाणी गाळाने इतके भरलेले की दर भरतीला जमीन चढत गेली आणि काही वर्षांतच चिखलावर दलदलीची झाडे पसरली. पाहणाऱ्याला हिरवळ आवडते; चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने ती जागा गेली.

आता वेळेचा प्रश्न. वेल्सची राजधानी कार्डिफ. टॅफ आणि इली या दोन नद्यांच्या मुखाशी विस्तीर्ण चिखलपट्टी होती. जुन्या गोदी परिसराचा कायापालट करायचा तर ओहोटीला दिसणारा हा चिखल शोभत नाही, असे शहराच्या कारभाऱ्यांना वाटे. १९९३ च्या कायद्याने खाडीच्या तोंडावर बंधारा घालायला परवानगी मिळाली. नोव्हेंबर १९९९ मध्ये दारे बंद झाली आणि भरती-ओहोटीच्या जागी सुमारे २०० हेक्टरांचे गोड्या पाण्याचे स्थिर तळे झाले. भरपाई म्हणून न्यूपोर्टजवळ अस्क नदीच्या मुखाशी, वीज केंद्राची राख जिथे टाकली जाई अशा जमिनीवर, ४०० हेक्टरांहून मोठे पाणथळ राखीव क्षेत्र तयार केले गेले. ते सुरू झाले २००० मध्ये. जागा सुरेख आहे. पण तिच्यात मुख्यतः नळगवताची बेटे, गोड्या-मचूळ पाण्याची तळी आणि ओली कुरणे आहेत. कार्डिफचा चिखल तिथे नाही.

कार्डिफच्या टिलव्यांचे काय झाले, हे आपल्याला माहीत आहे, कारण काही अभ्यासकांनी बंधारा पुरा होण्याच्या आधीपासून त्यांच्या पायांत रंगीत कडी घातली होती. पक्षी उडून गेले खरे. बरेचसे चारेक किलोमीटरवरच्या ऱ्हिम्नी नदीच्या मुखाशी जाऊन बसले. चिखलाचे नुकसान झाले तर पक्षी दुसरीकडे जातील, असे विकासवाले नेहमी सांगतात. त्याची ही अक्षरशः चाचणी होती. पण तिथे आधीपासून दुसरे टिलवे होते आणि खाणे तेवढेच होते. विस्थापित पक्ष्यांची वजने घटली. प्रौढ पक्षी वर्षभर तग धरण्याचे प्रमाण आधी साधारण ८५ टक्के होते, ते ७८ टक्क्यांवर आले. हा फरक लहान वाटतो. उलट बाजूने मोजले तर शंभरातले पंधरा मरत होते तिथे बावीस मरू लागले. आलेल्यांची हालत खालावली, आधीच्या रहिवाशांची फारशी नाही. चांगले कोपरे त्यांनी आधीच धरलेले होते. ज्या वर्षी हे घडत होते त्या वर्षी न्यूपोर्टचे नळगवत नुकते लावलेले होते, आणि ते पुरे वाढले असते तरी टिलव्याच्या कामाचे नव्हते.

या विषयातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी कथा मात्र युरोपातली नाही. ती कॅलिफोर्नियात, मेक्सिकोच्या सीमेलगत, सॅन डिएगो उपसागरात स्वीटवॉटर नदी उतरते तिथली आहे. महामार्गाचे रुंदीकरण आणि पूरनियंत्रणाचा कालवा यांनी तिथल्या खाऱ्या दलदलीचा काही भाग गेला. त्या दलदलीत फटाकडीच्या कुळातला एक दुर्मीळ पक्षी राहत होता, लाइट-फूटेड रेल. त्याचे घरटे तरंगते. ओहोटीला ते चिखलावर टेकलेले असते, भरती आली की पाण्याबरोबर वर उचलले जाते. वाहून जाऊ नये म्हणून पक्षी ते स्पार्टिना गवताच्या उंच, ताठ काड्यांच्या मध्ये बांधतो आणि वरून त्याच काड्या वाकवून छत करतो, म्हणजे वरून ससाण्याला दिसू नये. काड्या आखूड असल्या तर उधाणाला घरटे त्यांच्या शेंड्यांच्याही वर येणार आणि निघून जाणार.

खटला झाला आणि भरपाईच्या अटी आखल्या गेल्या. त्या इतक्या नेमक्या होत्या, की अशा कागदांमध्ये तसे क्वचित आढळते. सात जोड्यांना पुरेल एवढा अधिवास हवा. घरट्यांच्या जागी दर चौरस मीटरला गवताच्या किमान १०० काड्या, त्यांतल्या ९० तरी ६० सेंटिमीटरपेक्षा उंच, ३० तरी ९० सेंटिमीटरपेक्षा उंच. हे मोजमाप जॉय झेडलर या दलदलींच्या अभ्यासिकेने नैसर्गिक घरट्यांभोवतीच्या काड्या मोजून काढले होते. १९८४ मध्ये एक आणि १९९० मध्ये दुसरी, अशा दोन दलदली खोदून तयार केल्या गेल्या, गवत लावले गेले. गवत जगले, पसरले. उंच मात्र होईना.

का होईना, याचा माग काढता काढता झेडलर आणि त्यांचे विद्यार्थी मातीपाशी पोचले. नवी दलदल जिथे खोदली ती जमीन जुन्या उपशाच्या भरावाची, भरड आणि वाळूची होती. वाळू नायट्रोजन धरून ठेवत नाही. नैसर्गिक दलदलीत तो चिकणमातीत आणि कुजलेल्या मुळांत साठलेला असतो, पिढ्यान्‌पिढ्यांचा. मग युरिया घातला. गवत उंच झाले! खत थांबवले की पुन्हा खुजे. खत चालू ठेवले तर शेजारची सॅलिकोर्निया त्याचा जास्त फायदा उठवू लागली आणि गवतालाच मागे रेटू लागली. त्यातच गवतावर खवलेकिडीची साथ आली. जवळच्या नैसर्गिक दलदलीत ही कीड असते, पण तिला खाणारा एक ढालकिड्यासारखा भुंगा तिथे असतो. तो भुंगा भरतीच्या वेळी उंच काड्यांच्या शेंड्यांवर आसरा घेतो. नव्या दलदलीत उंच काड्या नाहीत म्हणून भुंगा नाही. भुंगा नाही म्हणून कीड. कीड आहे म्हणून काड्या उंच होत नाहीत. करारात काड्यांची उंची लिहिली होती. भुंग्याबद्दल कोणी लिहिणे शक्यच नव्हते.

दहाएक वर्षांच्या मोजणीनंतर झेडलर आणि जॉन कॅलवे यांनी १९९९ मध्ये निष्कर्ष मांडला. मातीतला नायट्रोजन ज्या गतीने वाढत होता त्या गतीने नैसर्गिक पातळी गाठायला ४० वर्षांहून जास्त लागली असती, आणि काड्यांची उंची तर कुठल्याच दिशेने जात नव्हती. रेल पक्ष्याने त्या जागी घरटे केले नाही. झाला तो एक छोटासा विजय, आणि तोही ज्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते त्याचा: खाऱ्या दलदलीतले चोचीसारख्या फुलांचे एक दुर्मीळ रोपटे स्वीटवॉटरला पुन्हा पेरले गेले, तिथे ते रुजले आणि बिया धरू लागले. त्याला परागीभवनासाठी रानमधमाशा लागतात, आणि त्या मधमाश्यांना घरे करायला दलदलीशेजारची कोरडी, उंच, उघडी जमीन लागते. म्हणजे दलदल वाचवायची तर तिच्या शेजारच्या माळालाही हात लावता येत नाही.

नेदरलँड्‌समध्ये अडचण मातीत नव्हती, माणसांत होती. अँटवर्प बंदर आहे बेल्जियममध्ये, पण त्याचा समुद्राकडचा रस्ता, पश्चिम स्हेल्ड खाडी, डच हद्दीतून जातो. मोठ्या जहाजांसाठी तो खोल करण्याचा करार दोन्ही बाजूंनी २००५ मध्ये केला आणि खाडीच्या हानीची दुरुस्ती म्हणून हेडविगे पोल्डर नावाची, १९०७ मध्ये समुद्रापासून मिळवलेली शेतजमीन पुन्हा पाण्याखाली सोडायचे ठरले. झीलंड प्रांत खवळला. १ फेब्रुवारी १९५३ च्या पुरात नेदरलँड्‌समध्ये १,८३६ माणसे गेली, त्यांतली बहुसंख्य याच प्रांताच्या आसपासची. जिथे घरटी कोणी ना कोणी बुडालेले, तिथे सरकारने स्वतःहून बांध फोडायचा? सरकारे आली-गेली, शब्द फिरवले गेले, पर्याय शोधले गेले, बेल्जियम रागावले, युरोपीय आयोगाने कारवाईची तंबी दिली. शेवटी बांध फुटला २०२२ च्या ऑक्टोबरात. गमतीचा भाग असा, की हेडविगेला लागूनच साफ्टिंगे नावाची सुमारे ३,५०० हेक्टरांची अप्रतिम खारी दलदल आहे. पश्चिम युरोपातल्या मोठ्या दलदलींपैकी ती एक. तिचा जन्म १५८४ मधला: अँटवर्पच्या वेढ्याच्या वेळी स्पॅनिश सैन्याला अडवण्यासाठी डचांनीच बांध फोडून गावासकट ती जमीन बुडवली होती. त्या कामाला सतरा वर्षे वाद झाला नाही.

आपल्याकडे भरपाई बहुधा झाडांत मोजली जाते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीवर बंदी आणली; तेव्हापासून खाडीवरून पूल, रस्ता, रेल्वे न्यायची तर न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती तोडीच्या बदल्यात रोपे लावण्याच्या अटीवर मिळते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे २२,००० तिवरे तोडायला परवानगी मिळाली तेव्हा पाचपट रोपे लावण्याची हमी दिलेली होती. रोपे मोजता येतात, त्यांची छायाचित्रे निघतात. पण रोहित, टिलवे, चिखले हे सगळे उघड्या चिखलावर चरतात, आणि तिवरांच्या दाटीत त्यांचे काही काम नसते. झाड नसलेल्या चिखलपट्टीवर भराव पडला तर तोडलेल्या झाडांचा आकडा शून्य येतो. याउलट रोपे लावायला मोकळी जागा शोधणारा माणूस नेमका त्याच चिखलपट्टीवर जाऊन उभा राहतो. जगभरच्या अनेक किनाऱ्यांवर अशी लागवड झाली आहे: जिथे तिवर आपणहून येत नव्हते, कारण जागा त्याला खोल पडत होती, तिथे ती रोपे बुडून मेली, जिथे जगली तिथे पक्ष्यांची चरण्याची जागा घटली.

आणि रायगड जिल्ह्यात तर कोणाच्याही आराखड्याशिवाय, कुठल्याही करारात नसताना, वॉलसीचा प्रयोग वर्षानुवर्षे चालू आहे. खारबांध वेळेवर दुरुस्त होत नाहीत, उघाड्या मोडतात, उधाणाला खांडी पडतात आणि भाताच्या शेतात खाडी शिरते. एक-दोन हंगामांत पीक जाते. मग चिखल चढतो, बी वाहत येते आणि काही वर्षांत तिवरांचे रान उभे राहते, तेही बिनखर्चाचे आणि नर्सरीतल्या रोपांपेक्षा जोमदार. कायद्याने ते तोडता येत नाही. सातबाऱ्यावर भातशेती आणि जागेवर कांदळवन, अशा अवस्थेत सापडलेले शेतकरी सरकारकडे एक तर बांध बांधून द्या नाही तर जमिनीचे पैसे द्या, अशी मागणी करत आले आहेत. इंग्लंडात याच कामासाठी शेतजमीन आधी विकत घेतली गेली, आतला बांध आधी उभा राहिला, आणि मग बाहेरचा फोडला गेला.